नरसूअण्णांचे उपप्रश्न

नरसूअण्णा हॉटेलात डोसा मागवत नाहीत. ते डोशाबद्दल प्रश्न विचारतात.

"अ: मसाला डोसा तयार आहे, हे खरं आहे काय? आ: असल्यास, किती मिनिटांत येईल? इ: नसल्यास, विलंबाची कारणं काय?"

सप्तापूरच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वाढपी मंजुनाथ आता तयार झाला आहे. फडकं खांद्यावर टाकून तो सरळ उभा राहतो आणि सांगतो, "अ: होय. आ: पाच. इ: उद्भवत नाही, साहेब."

अण्णा खूश होतात. मंत्र्यांपेक्षा मंजुनाथ बरा, कारण तो पाच म्हणतो आणि पाचच मिनिटांत आणतो.

अण्णा आमचे आमदार. तिसऱ्यांदा निवडून आलेले, पण बसायला पहिल्यापासून सगळ्यात मागचा बाक. मंत्री कधी झाले नाहीत आणि होण्याचा धोकाही नाही. सरकारला लेखी प्रश्न विचारणं हा त्यांचा धंदा, आणि ते प्रश्न असेच तुकडे पाडून द्यावे लागतात. इतकी वर्षं ते केल्यामुळे आता घरात मराठी, बाजारात कन्नड आणि संतापात दोन्ही बोलताना त्यांचे अ, आ, इ सुटत नाहीत.

त्यांच्या कार्यालयात मी टायपिंग आणि इंग्रजी पत्रव्यवहार करते. मुलाखतीत मी होय आणि नाही एवढंच बोलले होते. बाकीचे उमेदवार बरंच बोलले. अण्णा म्हणाले, "ही पोरगी मुद्द्याचं उत्तर देते," आणि नोकरी मला मिळाली. नेमणूकपत्र चक्क चार पानांचं होतं. त्यात कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, सगळं लिहिलेलं. सही करण्याआधी मी ते वाचलं की नाही, याची त्यांनी तोंडी परीक्षा घेतली.

एकदा एक पत्र राहिलं होतं म्हणून मी सुट्टीच्या दिवशी गेले. अण्णा दारातच उभे. मला ते तंगी म्हणतात, कन्नडमध्ये धाकटी बहीण.

"तंगी, आज तुझी सुट्टी आहे, हे तुझ्या लक्षात आलं आहे काय?"

"आलंय अण्णा, पण ते पत्र..."

"आलं असल्यास, इथं असण्याची कारणं काय?"

मला परत पाठवलं, आणि घरी फोन करून आईला बजावलं की आज हिला काम सांगायचं नाही. आई दिवसभर पुटपुटत होती, "सुट्टी म्हणे! मग भांडी कोण घासणार, तेही विचार की तुझ्या अण्णांना सभागृहात."

ड्रायव्हर इमामसाबचं तर विचारूच नका. आठ तास भरले की अण्णा जिथं असतील तिथं गाडी थांबवायला लावतात. इमामसाबनं मागं बसायचं आणि अण्णांनी चालवायची. अण्णा गाडी वीसच्या वेगानं चालवतात आणि प्रत्येक म्हशीला हॉर्न देऊन तिच्या उत्तराची वाट बघतात. एकदा असेच कलघटगीला एका सत्काराला पोचलो. मंडळींनी मागचं दार उघडलं आणि हार इमामसाबच्या गळ्यात घातला. तो बिचारा उतरेना. पुढून अण्णाच म्हणाले, "घ्या की साहेब, आग्रह करताहेत."

दुसरं वेड सरकारी खर्चाचं. अंदाजपत्रकाचे खंड ते पेन्सिल घेऊन वाचतात आणि ज्यावर खर्च झाला ती वस्तू हात लावून बघतात. पाण्याची टाकी, शाळेचा जिना, बसथांबा, काहीही असो. हात लावला की समासात 'आहे'. हात लावायला काही सापडलं नाही तर 'नाही', आणि मग एक प्रश्न. कार्यकर्ते वैतागतात. "अण्णा, लोक लग्नाला बोलावतात, तुम्ही मांडवामागची बोअरवेल बघून येता!"

यल्लव्वा आली तेव्हा अण्णा अशाच एका खंडात बुडालेले होते.

यल्लव्वा कमरीपेठेत रस्ते झाडते. ठेकेदाराकडची नोकरी, वीस वर्षं झाली. हजेरीसाठी सरकारनं अंगठा ओळखणारी यंत्रं घेतली होती, आणि त्या यंत्राला तिचा अंगठा ओळखता येत नव्हता. तिनं हात पुढं केला. खराट्यानं आणि ब्लीचिंग पावडरीनं अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून टाकल्या होत्या. चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत अंगठा.

"रोज जाते, रोज झाडते, आणि रोज गैरहजर," ती म्हणाली. "यंत्र इंग्रजीतून काहीतरी म्हणतं. पुन्हा लाव म्हणतं, असं मुकादम सांगतो. यवा, पोरी, तू इंग्रजी शिकलेली. तूच चल आणि सांग त्याला की मी आलीय म्हणून."

अशा अकरा बायका होत्या. महिनाअखेरी गैरहजर धरलेल्यांची नावं कमी होणार, असं मुकादमानं सांगून टाकलं होतं. यल्लव्वाचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्याच कामावर.

अण्णांनी खंडाची पानं मागं उलटली. यंत्रांच्या खरेदीपाशी बोट ठेवलं. मग यल्लव्वाच्या अंगठ्याला आपलं बोट लावून बघितलं आणि समासात लिहिलं, 'आहे'.

प्रश्न मीच टाइप केला. अ: रेषा झिजलेल्या कामगारांना यंत्र गैरहजर ठरवतं, हे सरकारच्या लक्षात आलं आहे काय? आ: आलं असल्यास, अशी यंत्रं सार्वजनिक पैशातून का घेतली? इ: त्या कामगारांच्या नोकरीचं काय?

सभागृहात कोणते प्रश्न घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्यात आमचा प्रश्न निघाला, पण नवव्या क्रमांकावर. अधिवेशन त्या वेळी बेळगावात होतं. अण्णांनी यल्लव्वाला आणि मला प्रेक्षक गॅलरीत बसवलं. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात पदराखाली लपवले होते.

खाली सभागृहात गोंधळ चालला होता. तिसऱ्या प्रश्नावर पाऊण तास गेला. आठवा सुरू झाला आणि प्रश्नांचा तास संपला. उरलेल्यांची उत्तरं लेखी ठेवली, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. मधल्या सुट्टीत अण्णांनी तो कागद आणून दिला. मी वाचून दाखवला. अ: लक्षात आलेलं नाही. आ: उद्भवत नाही. इ: उद्भवत नाही.

"कोण उद्भवत नाही?" यल्लव्वानं विचारलं. "मी?"

अण्णांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. महिना संपायला चार दिवस राहिले होते. मंजुनाथसमोर फडाफडा बोलणारा हा माणूस सभागृहात लेखी कागदाशिवाय कधी उभा राहिलेला नाही, हे मला माहीत होतं. दहा जणांत तोंड उघडणं किती अवघड, हे तर मला स्वतःवरूनच माहीत होतं. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि अध्यक्षांकडे पाठवली. दोन मिनिटं मागितली होती.

मिळाली. अण्णा उठले. हातात कागद नव्हता.

"अ..." ते म्हणाले आणि थांबले. समोरच्या बाकावर कोणीतरी हसलं. "आ लवकर येऊ दे, अण्णा!"

मी डोळे मिटून घेतले. मग अण्णांचा आवाज आला, कन्नडमध्ये, साधा, थोडा चिरका.

"अध्यक्षमहाराज, वर गॅलरीत एक बाई बसली आहे. तिचं नाव यल्लव्वा. आपण उठण्याआधी ती रस्ता झाडते. यंत्र म्हणतं, ती आलीच नाही. मंत्री म्हणतात, ती लक्षात आली नाही. मला ती इथून दिसते आहे. तुम्ही सगळ्यांनी एकदा वर बघा."

आणि सगळ्यांनी वर बघितलं. यल्लव्वा गडबडून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात जोडले. सुरक्षा कर्मचाऱ्यानं तिला खाली बसवलं.

अध्यक्षांची घंटा वाजली. "गॅलरीत बसलेल्यांचा उल्लेख सभागृहात करता येत नाही! सन्माननीय सदस्य इतके जुने, नियम माहीत नाही? हे सगळं नोंदीतून काढून टाका."

नियम अण्णांना माहीत होता. नियमांचं पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. ते चटकन खाली बसले, वर्गात ओरडा खाल्ल्यासारखे. पण मंत्री अजून वरच बघत होते. त्यांनी मागच्या अधिकाऱ्याला जवळ बोलावलं, काहीतरी विचारलं आणि उभे राहिले. अंगठा लागत नसेल तिथं वहीतली हजेरी धरा, म्हणाले. या कारणासाठी कुणाचंही नाव कमी करायचं नाही, आदेश आजच निघेल.

कँटीनमध्ये आम्ही भात घेऊन बसलो होतो तेव्हा यल्लव्वाच्या फोनवर मुकादमाचा फोन आला. तिनं तो कानापासून हातभर लांब धरला, तरी आम्हाला सगळं ऐकू येत होतं. उद्यापासून वही. अकराही नावं राहणार.

"मला सही येत नाही म्हटलं त्याला," फोन ठेवून ती म्हणाली. "तर म्हणतो, शाईचा अंगठा दे. देते की! कागद काही पुन्हा लाव म्हणत नाही." आणि ती हसत सुटली. हसताना पदराखालचे हात बाहेर आले आणि तिनं भाताचा मोठा घास घेतला. सकाळपासून ती जेवली नव्हती.

अण्णांनी मात्र ताटाला हात लावला नव्हता.

"माझं बोलणं काढून टाकलं," ते तिला म्हणाले. "छापील कार्यवाहीत तुझं नाव येणार नाही, यल्लव्वा. तेवढं राहिलं."

"काढू दे की साहेब. मी ऐकलंय."

ती हात धुवायला गेली. अण्णा ताटातल्या भाताकडे बघत राहिले. मग हळूच मला विचारलं, "वरपर्यंत आवाज येत होता?"

"येत होता, अण्णा."

"नक्की?"

"नक्की. शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"घरचे सगळे पुण्याला," ते म्हणाले. "मुलाच्या मागं गेले, ते तिकडचेच झाले. अधिवेशनाला प्रत्येक वेळी दोन पास मिळतात. कुणाला द्यायचे, म्हणून परत करतो. खाली बसून नुसत्या पाठी दिसतात गं, पुढच्यांच्या. इतक्या वर्षांत बोलताना वर बघितलं आणि ओळखीचं माणूस दिसलं, असं आज पहिल्यांदाच झालं. म्हणून विचारलं."

मी बोलणारी नव्हे. पण त्या दिवशी बोलले.

"पुढच्या अधिवेशनाला एक पास मला ठेवा."

अण्णांनी ताट पुढं ओढलं. भातात ताक ओतलं, कालवलं आणि जेवायला सुरुवात केली.