गिधाडाच्या दोन पंखांचा निवाडा

श्रीगणराजास नमन, सरस्वतीस नमन, आणि ज्याचे हाती धनुष्य आहे त्यास दुरून नमन. शके सोळाशे एकोणसत्तर, प्रभव नाम संवत्सरी, आश्विनमासी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. ऐकणारांनी मान खाली घालून ऐकावे, त्यात जिवाची खैर आहे.

ते राज्यी निंबाजी तिरगर म्हणून बाण करणारा मोठा कसबी होता. त्याची रीत ऐसी की, बाणाचे शेपटास तीन पिसे बसवावी आणि ती तिन्ही गिधाडाचे एकाच पंखाची असावी, उजवी तर उजवी, डावी तर डावी. म्हणजे बाण सरळ जाऊन रानडुकरास जागीच लोळवितो. परंतु तेथे गिधाडाचेही वतन होते आणि वतन म्हटले की भाऊबंदकी आलीच. वाटणीत उजवा पंख थोरले रायाजीराव यांस आणि डावा धाकटे मानाजीराव यांस गेला होता. दसऱ्याची शिकार जवळ आली आणि दोघे भाऊ, बाणास पीस लागेल ते आमचेच, म्हणोन दरबारी पागोटी आपटू लागले. तीन दिवस खल जाहला, तीन दिवस दरबार तेथेच जेवला, आणि मग महाराजांनी फर्माविले की, एक पीस उजवे, एक डावे, आणि तिसरे शेपटाचे, ते सरकारचे. सर्वांचा मान राहिला.

निंबाजी पाया पडून बोलिला, "म्हाराज, तिघांचा मान ऱ्हाईल, पर बाणाचं डोकं फिरंल." तेव्हा दिवाणजी गरजले, "दरबारचा हुकूम मोडावयाची बाणाची काय छाती आहे?" आणि रिवाज ऐसा की, नवे बाणाची परीक्षा होई तेव्हा तिरगराने डोईवर कोहळा घेऊन शंभर पावलांवर उभे राहावे. मग निंबाजी घरी आला आणि पुढली भाकर बाजूस सारून बसला.

"हौसे, उद्या म्या काही वाचत न्हाई," ऐसे तो बायकोस बोलिला.

हौसा चुलीपुढून बोलिली, "म्हाराज नेम कुठं धरनार?"

"माझ्या डोईवरल्या कोहळ्यावर."

"मग बाण तिथं कशाला येतोय? तुमी निर्धास्त जेवा. म्या मातुर पोरं घिऊन म्हायेरी जाते."

दुसरे दिवशी महाराजांनी बाण सोडिला आणि तो रायाजीरावांचे पागोटे घेऊन गेला, मग दुसरा सोडिला तो मानाजीरावांची डावी मिशी घेऊन गेला, आणि तिसरा घिरटी घालून माघारी आला तो थेट सिंहासनाचे लोडात रुतला. कोहळा जागचे जागी आणि निंबाजी तसूभर हलला नाही. महाराज गहिवरून बोलिले, "दरबार सारा पालथा पडला, हा एकटा उभा राहिला! ऐसा शूर आम्हांजवळ पाहिजे. शिकारीस हा आमचे हौद्यात, आमचे उजवे हातास बसेल."

हे ऐकताच निंबाजीचे डोळे पांढरे जाहले आणि तो पाय धरून रडू लागला, "म्हाराज, एवढी किरपा नगा करू! मला डुकरापुढं हुबं करा!" ऐसी छाती पाहून महाराजांचे डोळां पाणी आले आणि त्यांनी ते मान्य केले.

मग शिकार जाहली. चाळीस बाण सुटले. हत्ती मुलूख सोडून गेला, दिवाणजी चार महिने पालथे निजले, आणि डुकरे सर्व सुखरूप, त्यांचेमध्ये बसून निंबाजी त्यांस कोहळा चारीत होता. एकूण, राज्यात सर्वांचा मान राहिला. वर्तले तैसे लिहिले. लिहिणार त्या दिवशी डुकरांतच होता.