गुलाबरावांची इटली

धावत्या बसमध्ये उभं राहून "थांब गा, थांब! फोडणीचा वास आला" असं कंडक्टरला ओरडून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी गुलाबराव. तिकीट काढलेलं रामटेकचं, आणि हे उतरणार मधल्याच कुठल्यातरी गावी, कारण तिथल्या एका घरात कोणीतरी लसणाची फोडणी दिली. उतरायचं, नाक नेईल तिकडे चालायचं, त्या घराच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "राम राम! प्रवासी माणूस आहो. काय शिजून राहिलं?" आपल्याकडची माणसं भोळी म्हणा, दिलदार म्हणा, यांना पाटावर बसवत. रविवारी संध्याकाळी हे नागपुरात, धरमपेठेत परत आले, की आमच्या ओट्यावर बसून त्या जेवणाचं साग्रसंगीत वर्णन करत.

ही सवय इटलीची. हसू नका, खरंच इटलीची. गुलाबराव मूळ काटोलचे. घरची संत्र्याची बाग. शेतकी शिकून सरकारी नोकरीत लागले आणि साठच्या दशकात कधीतरी सरकारनेच त्यांना दोन वर्षं सिसिलीला धाडलं, संत्र्याचं शास्त्र शिकायला. नुकतं लग्न झालेलं. बायकोला, म्हणजे आमच्या सुमनताईंना, काटोलला सासू-सासऱ्यांपाशी ठेवून हे आगबोटीत बसले.

"सोमवार ते शुक्रवार संत्र्याचं शास्त्र," गुलाबराव सांगत, "अन् शनिवार-रविवार खाण्याचं. समजलं काय, मास्तरीणबाई?"

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मी मास्तरीणबाई. मला समजलं नाही तरी ते सांगणारच. दर शनिवारी घरमालकिणीचा मुलगा साल्वो आणि हे, दोघं आगगाडीत बसून निघत. गाव ठरलेलं नसे. डब्याच्या खिडकीतून चांगला वास आला की उतरायचं. आमच्याकडच्या बसमध्ये जो तमाशा चालतो, त्याचं शिक्षण परदेशात झालेलं आहे, ते असं.

पहिल्या खेपेला मात्र गुलाबराव फसले. खाणावळीत त्यांच्यासमोर मॅकरोनीची बशी आली. यांना वाटलं, हेच जेवण. आपल्याकडे ताट एकदमच वाढून येतं ना! तीनदा मागून घेतली, तृप्तीचा ढेकर दिला, आणि हात धुवायला उठले तर बाई खरं जेवण घेऊन हजर. दुसऱ्या शनिवारी हे सावध. मॅकरोनीला हातच लावला नाही. मग भाजी आली. पोटात कावळे ओरडत होते, पण माणूस काटोलचा! पहिल्यांदा वाढलं की "नको, नको" म्हणायचं, समोरच्याने "असं कसं, घ्याच" म्हणायचं, दुसऱ्यांदा "बस, बस" म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचं, ही आपली रीत. यांनी "नको" म्हटलं. बाईने मान डोलावली आणि भांडं उचलून चालती झाली.

"आग्रहच नाही, बाप्पा!" हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा चेहरा पडे. "मी म्हणून राहिलो नको, अन् ते बाई खरंच घेऊन गेली! असं कुठी असते काय?"

त्यात शनिवार म्हणजे मारुतीचा वार. मासे-मटण वर्ज्य. साल्वो यांना समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावात घेऊन जाई. समोर ताजी मासळी तळली जाते आहे, आणि हे विचारताहेत, "वांगं आहे काय?" अख्खं गाव वांगी शोधायला निघे. समुद्राच्या काठावर बसून वांगं खाणारा मनुष्य पाहायला पोरंटोरं जमत, असं ते स्वतःच अभिमानाने सांगत.

आम्ही सगळे हसून बेजार होत असू. सुमनताई तेवढ्या हसत नसत.

त्यांचं दुःख मला माहीत होतं. सुमनताईंच्या हाताला जी चव होती, तशी मी नंतर कुठे चाखली नाही. त्यांचं झुणका-भाकरीचं साधं ताट समोर आलं तरी माणूस बोटं चाटत राही. आणि हा बहाद्दर पहिला घास घेऊन काय म्हणे? "ठीक आहे. पण सिन्योराच्या हातचं..." ही सिन्योरा म्हणजे ती इटलीची घरमालकीण. पुरणपोळी केली तर सिन्योराची पाव भाजण्याची तऱ्हा, वडाभात केला तर सिन्योराचा टमाट्याचा रस्सा. सवत परवडली, निदान तिच्या झिंज्या तरी धरता येतात!

एकदा गच्चीवर वाळवण घालताना सुमनताई मला म्हणाल्या, "मले त्याइचं इटली-बिटली काही नाही वं. जाऊ दे ना शनिवारी जायचं तिकडे. पण एक दिवस, फक्त एक दिवस म्हणावं ना, सुमन, चांगलं झालं. मरायच्या आधी ऐकाले भेटीन काय?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारा ना तोंडावर."

"विचारून घेतलेलं कौतुक काय कामाचं वं?"

आणि त्या वाळवणाकडे वळल्या.

आणि एका मे महिन्यात तार आली. साल्वो हिंदुस्थान पाहायला आलाय, मद्रासला जाताना नागपूरला उतरतोय, एक दिवस मुक्काम. गुलाबरावांच्या अंगात आलं. "त्याले आपल्या घरी इटलीचं जेवण देतो," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, तो इटलीहून इटलीचं जेवायला येतोय का?" पण ऐकतो कोण! सीताबर्डी पालथी घालून मॅकरोनीचं एक पाकीट मिळवलं, चीजचा डबा आणला, आणि बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढून स्वतः पदर, म्हणजे लुंगी, खोचून उभे राहिले.

नागपूरचा मे, दुपारची वेळ, पेटलेला स्टोव्ह आणि गुलाबराव. मी मदतीला गेले तर घामाने निथळत होते. मॅकरोनी इतकी शिजली की तिच्यात डाव उभा राहिला. त्यात चीज पडलं आणि पतंगाच्या कागदाला लावायला खळ करतात ना, तश्शी खळ झाली. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. साल्वो आला होता. उंच, गोरापान, उन्हाने टमाट्यासारखा लाल झालेला. त्याने गुलाबरावांना अशी मिठी मारली की यांचे पाय जमिनीवरून सुटले. शेजारच्या गच्च्या बघ्यांनी भरल्या.

पानं मांडली. पाहुण्याच्या ताटात खळ पडली. साल्वोने एक घास घेतला आणि फार सभ्यपणे पाणी प्याला. परत घास घेण्याची हिंमत काही त्याला होईना. गुलाबरावांचं तोंड उतरलं. माझ्याच्याने बघवेना.

तेव्हा सुमनताई आत गेल्या आणि घरच्यांसाठी मागच्या अंगणातल्या चुलीवर केलेलं जेवण घेऊन आल्या. सरगुंडे आणि आमरस. कणकेची वळी काडीला गुंडाळून, काडी ओढून काढून वाळवलेले सरगुंडे आम्ही दोघींनीच महिन्यापूर्वी केले होते. वाफाळते सरगुंडे, वरून तुपाची धार, शेजारी वाटीत रस.

साल्वोने एक सरगुंडा उचलून डोळ्यांपुढे धरला. त्याच्या आरपार पाहिलं. मग सुमनताईंकडे पाहिलं आणि एकदम म्हणाला, "सुमन?"

सुमनताई दचकल्या. या परक्या माणसाला आपलं नाव कसं ठाऊक?

मग तो जो बोलत सुटला! त्याचं इंग्रजी माझ्या सातवीतल्या मुलींपेक्षा कच्चं, पण मनातलं सांगायला पुरेसं होतं. हातांनी तर तो त्याहून जास्त बोलत होता. गुलाबराव मध्येच घाईघाईने बायकोला म्हणाले, "काही नाही. जेवण चांगलं आहे म्हणते."

"खोटं!" मी म्हटलं. मास्तरीण असण्याचा एवढा तरी उपयोग. "सुमनताई, इकडे या, मी सांगते तो काय म्हणतोय ते."

"मास्तरीणबाई, राहू द्या ना गा," गुलाबराव म्हणाले. चूक सापडलेल्या मुलासारखे ते खाली बघत होते.

मी राहू दिलं नाही. साल्वो सांगत होता, की गुलाब आमच्या घरी राहायला आला त्याच्या पहिल्या रविवारी आई कणीक घेऊन काडीवर अश्शीच मॅकरोनी वळत बसली होती. हा दारात येऊन उभा राहिला आणि रडायला लागला. आईला वाटलं, याच्या घरचं कोणी गेलं. कितीदा विचारलं तेव्हा म्हणाला, माझी सुमन असंच करते. पुढे दोन वर्षं आम्ही शनिवारी जिथं जिथं जेवलो, तिथं तिथं हा पहिला घास खाऊन म्हणायचा, छान आहे, पण सुमनच्या हातचं... खाणावळवाले ओळखायचे. कोळ्यांच्या गावातल्या बायासुद्धा विचारायच्या, आज कसं झालंय, सुमनसारखं? आई तर वैतागून म्हणायची, ही सुमन आहे तरी कोण, तिला एकदा बघितलंच पाहिजे. "मला आईने सांगितलंय," साल्वो म्हणाला, "की सुमनला माझ्या वतीने बघून ये."

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. सुमनताईंच्या हातात आमरसाचं भांडं तसंच होतं. इतकी वर्षं जिचा हेवा केला, ती बाई तिकडे आपला हेवा करत बसली होती, हे पचायलाही वेळ लागतो.

सुमनताई नवऱ्याला कधी नावाने सोडा, "अहो" म्हणूनही चारचौघांत हाक मारत नसत. त्या दिवशी मात्र त्या सगळ्यांसमोर सरळ त्यांच्याकडे बघून बोलल्या.

"तिथं साऱ्या गावाले सांगतलं. मंग मले काहून नाही सांगतलं इतकी वर्षं?"

गुलाबरावांजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असे, आणि ते बहुतेक इटलीतलं असे. या वेळी ते ताटातली खळ बोटाने सारवत राहिले.

"तिथं सांगाले सोपं होतं वं," गुलाबराव म्हणाले. "तिथं तू नव्हती ऐकाले."

सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग पाहुण्याच्या वाटीत रस वाढला, वळल्या, आणि नवऱ्याचं खळीचं ताट उचलून त्यांच्यापुढे सरगुंड्यांचं ताट ठेवलं. त्यांनी सवयीने "नको, नको" म्हटलं.

"असं कसं?" सुमनताई म्हणाल्या. "घ्याच."