खारीची उडी आणि साळिंदराचे मन

एका जंगलात, बालमित्रांनो, प्राण्यांना पूर्वी केवळ पोट असे. पुढे आपणांस मनही आहे, असे त्यांना कळले आणि साळिंदराने मनोवैद्य म्हणून बिळावर पाटी लावली. पाटीखाली नियम होता: ‘भेट आठवड्यातून एकदा. तीन हात अंतर राखावे.’ साळिंदराचे काटे पाहता नियम योग्यच होता.

त्याच्याकडे सरू नावाची खार आली. तिला उडी मारण्याची धास्ती वाटे. समोरचा उंबर पिकला होता आणि ती आपल्या झाडावरून नुसती पाहत बसे.

“डॉक्टर, पडले तर?”

“घाबरू नकोस. उडी मारण्यापूर्वी मला विचारत जा.”

सरूला हायसे वाटले. ती आठवड्याला विचारू लागली, मग रोज, मग प्रत्येक फांदीला. महिन्याभरात साळिंदराने काटे मिटून तिला जवळ बसवले. “तू काय परकी आहेस?” असे म्हणून तो तिला आपली दुःखे सांगू लागला. काटे गळतात. पत्नी ऐकून घेत नाही. सरू ऐकून घेई. ऐकण्याचे काम मुळात कोणाचे, हे विचारू नका. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये.

एके दिवशी सरूच्या झाडावर धामण चढली. विचारायला सवड नव्हती. सरूने डोळे मिटून उडी घेतली. डोळे उघडले, तो ती उंबरावर! तिने एक फळ खाल्ले, दुसरे खाल्ले आणि तिसरे घेऊन ती धावत सुटली.

“डॉक्टर, मी उडी मारली!”

साळिंदराने फळाकडे पाहिलेही नाही. “मला न विचारता?”

“अहो, मागे धामण होती!”

“आज धामणीचे निमित्त. उद्या म्हणशील, सहज मारली.” त्याचे डोळे भरून आले. दोन काटे गळून पडले. “मग माझ्याकडे कोण येणार, सरू?”

सरूचे मन कोवळे होते. तिने फळ पाठीमागे लपवले आणि प्रयत्नपूर्वक थरथरली.

“डॉक्टर, घरी जाताना एक फांदी लागते. उडी मारू का?”

“आज नको,” साळिंदर डोळे पुसत म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “उद्या ये. घाई करू नये.”

सरू वळणापर्यंत पायी गेली. बिळातून आपण दिसत नाही, याची तिने खात्री करून घेतली. मग एका दमात चार फांद्या ओलांडून ती उंबरावर जाऊन बसली.

तात्पर्य: रुग्णाने अवश्य बरे व्हावे, मात्र डॉक्टरांच्या प्रकृतीस ते सोसेल, इतक्याच बेताने व्हावे.