सुटीवरचा इंजिनेर

इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा पहिला परिणाम विद्यार्थ्याच्या बुद्धीवर होत नाही. तो उजव्या तळहातावर होतो. देऊळघाटच्या पंजाबराव पाटलांचा मुलगा इंद्रभान पहिल्या सहामाहीनंतर दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा होता. लांबी पाव इंच, रुंदी त्याहून किंचित कमी, रंग पिवळट, कडा स्पष्ट. दाबल्यास दुखत नसे. (माप माझे आहे. इंद्रभानची आई तानुबाई माझी आतेबहीण, आणि मी बुलढाण्याला मुलींच्या शाळेत सृष्टिशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात कोणाला गाठ, गळू किंवा गोचीड दिसली की मला बोलावतात.)

नरकचतुर्दशीला तेल लावताना तो घट्टा तानुबाईच्या हाताला लागला आणि ती मोठ्याने ओरडली.

"माय वं! हे काय झालं रे तुले?"

"कानसीचा घट्टा हाये, माय. कॉलेजात लोखंड घासा लागते."

ओसरीवरून पंजाबराव आले. त्यांनी मुलाचा हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"काऊन बे, तुले इंजिनेर व्हाले धाडलं का लोहार व्हाले?"

"इंजिनेरालेबी शिका लागते, बाबा."

"गाडीच्या चाकाले लोखंडी धाव बसवाले लोहार आपल्या दारात येते. तू त्याच्यासाठी रेल्वेत बसून गेला?"

यात पाटलांचा दोष नाही. इंजिनेर म्हणजे काय, याविषयी आमच्या परिसराचे सर्व ज्ञान एका निरीक्षणावर उभे आहे. वीस वर्षांपूर्वी नाल्यावर मोरी बांधायला एक ओव्हरसियर आले होते. अकरा दिवस मुक्काम. त्यांच्यासाठी शाळेतली खुर्ची नेऊन बाभळीखाली ठेवली. एकाने छत्री धरली, दुसऱ्याने पाण्याचा तांब्या. अकरा दिवसांत साहेबांनी दोनदा बोट दाखवले. (एकदा मोरीकडे, एकदा कोंबडीकडे.) यावरून गावाने सिद्धान्त काढला की इंजिनेर बसतो, बोट दाखवतो, आणि लोखंड, दगड व चुना ही इतरांची कामे आहेत. ओव्हरसियर हा इंजिनेर नसतो, हे गावाला कोणी सांगितले नाही. मोरी तिसऱ्या पावसाळ्यात खचली. खुर्ची मात्र शाळेत अजून उत्तम स्थितीत आहे, त्यामुळे सिद्धान्ताला बाध आला नाही.

तेव्हापासून ज्याच्या घरी सायन्स शिकलेला एक मुलगा आहे आणि शेत पाहायला दुसरा आहे, तो पहिल्याला इंजिनिअरिंगला पाठवतो. डिग्रीसाठी परप्रांतात जावे लागते, हे आणखी चांगले. जितके दूर तितका मान. मुलाला विचारण्याची पद्धत नाही. (बैलाच्या मानेवर जू ठेवताना त्याला विचारत नाहीत, आणि मुलगा तर बैलाहून घरचा.)

मी गेल्या दहा वर्षांची मोजणी केली. सरकारी आकडे उपलब्ध नाहीत; पण मुलगा जाताना गावात पेढे वाटतात आणि परत येताना वाटत नाहीत, यावरून हिशेब लागतो. चिखली, दुसरबीड, देऊळघाट आणि आसपासच्या गावांतून एकंदर तेवीस मुले गेली. दोघे पास झाले. (पैकी एक कराचीकडे असतो आणि पत्र पाठवत नाही, दुसऱ्याने कापडाचे दुकान काढले.) चौघे अजून तिथेच आहेत, त्यांतला एक सातव्या वर्षाला असून, कॉलेजचा शिपाई त्याचा सल्ला घेतो म्हणतात. उरलेले सतरा परत आले. त्यांच्या घरच्यांनी दिलेली कारणे अशी: हवा मानवली नाही, सहा; पाणी जड, चार; तिकडे वरणात गूळ घालतात, तीन; प्रोफेसराचा आकस, दोन; दृष्ट लागली, एक. अभ्यास जमला नाही, शून्य. राहिलेल्या एकाच्या घरी "अजून सुटीवर हाये" असे उत्तर मिळाले. तो इंद्रभान.

या कारणांचा शास्त्रीय विचार केला पाहिजे. ही मुले ज्या शहरात शिकायला जातात, तिथली हवा इतकी कोरडी आहे की तिथे क्षयाचे रोगी बरे होण्यासाठी जाऊन राहतात. म्हणजे ती हवा क्षयरोग्यांना मानवते आणि वऱ्हाडच्या विद्यार्थ्यांना मानवत नाही, एवढे सिद्ध होते. गुळाबाबत मला स्वतंत्र प्रयोग करता आला नाही.

इंद्रभान मुळात कमी बोलतो. पण घट्टा मोजताना हात दुसऱ्याच्या ताब्यात असला की माणूस थोडे बोलतो, असा माझा अनुभव आहे. दर सुटीत मोजमाप होत गेले, त्यावरून पुढील माहिती मिळाली.

शाळेत त्याला मोतीराम मास्तरांनी भूमिती शिकवली. मास्तरांचा निकाल दरवर्षी उत्कृष्ट लागे, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना सगळे सिद्धान्त डोळे मिटून पाठ असत. (डोळे उघडल्यास आकृती दिसते आणि गोंधळ होतो.) मास्तरांचा त्रिकोण नेहमी टोक वर करून बसलेला असे. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात प्रोफेसरांनी फळ्यावर त्रिकोण काढला, तो टोकावर उभा होता. इंद्रभानने मान तिरपी केली, वही उलटी धरली, मग उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मले हे समजून नाही राह्यलं."

वर्ग हसला. त्रिकोणाला नव्हे, "समजून नाही राह्यलं"ला. हशा सुमारे अर्धा मिनिट टिकला. शंका दोन वर्षे टिकली, कारण त्यानंतर त्याने एकही विचारली नाही. गणितात तो चार वेळा बसला आणि चार वेळा नापास झाला. वर्कशॉपमध्ये त्याला शंभरापैकी एक्याण्णव मार्क मिळाले, ते वर्गात सर्वांत जास्त होते. हे घरी कळवण्यात आले नाही, कारण ते मार्क लोहाराचे होते.

चौथ्या परीक्षेनंतर तो उन्हाळ्याच्या सुटीला आला. त्या सुटीला आता तीन वर्षे झाली.

मधल्या काळात इंद्रभानची व्यवस्था उत्तम ठेवण्यात आली आहे. रस्त्यात लोक "राम राम, इंजिनेरसाहेब" म्हणतात. त्याला ओसरीवर गादी आहे. एकदा त्याने मोटेचे चाक दुरुस्त करायला घेतले, तेव्हा पंजाबराव स्वतः विहिरीवर जाऊन त्याला हाताला धरून परत घेऊन आले. तेव्हापासून बिघडलेल्या वस्तू त्याच्यासमोर येऊ देत नाहीत. माझ्या बहिणीचे शिवणयंत्र आठ महिने माळ्यावर लपवलेले आहे.

दुसरी व्यवस्था लग्नाची. बुलढाण्याचे वकील भगवंतराव यांनी आपली कौशल्या इंद्रभानला देऊ केली, तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता. पुढे परीक्षांची हकीकत त्यांच्या कानावर गेली. पण वकील उदार मनाचे आहेत. ते म्हणाले, "पास होवो न होवो. 'इंजिनिअरिंगचे विद्यार्थी' असं पत्रिकेत छापता येतं, आणि विद्यार्थी माणूस जन्मभर असतोच." (कौशल्या माझ्या वर्गात होती. तिला काय वाटते, हाही प्रश्न अद्याप विचारला गेलेला नाही; दोघांची परिस्थिती समसमान आहे.)

असे सर्व सुरळीत चालले असता मागच्या हंगामात पंजाबराव कापसाच्या गाड्या घेऊन चिखलीला गेले आणि चुकून मुलाला बरोबर घेऊन गेले. तिथल्या जिनातले, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यातले, तेलाचे इंजिन बंद पडले होते. फिटर नोकरी सोडून गेला होता. साठ गाड्या खोळंबल्या होत्या आणि जिनाचे मालक नारायणराव शेठ इंजिनाला शिव्या देत होते. पंजाबराव तंबाखू घ्यायला वळले, तेवढ्यात इंद्रभानने कोट काढला. दोन तास तो इंजिनाखाली होता. तो बाहेर आला तेव्हा इंजिन चालू होते आणि, साक्षीदारांच्या म्हणण्याप्रमाणे, तो हसत होता. घरच्यांनी ही दुसरी गोष्ट तीन वर्षांत पाहिली नव्हती.

"पाटील, हा पोरगा मले द्या," नारायणराव म्हणाले. "फिटर म्हणून ठेवतो. जागा राखून ठेवतो त्याच्यासाठी."

"पाहू," पंजाबराव म्हणाले.

"पाहू" हा आमच्याकडे निर्णयाचा एक प्रकार आहे. त्याची अंमलबजावणी बैठकींनी होते. या विषयावर घरात सहा बैठकी झाल्या. प्रत्येकीला पंजाबराव, कारभारी नावाचे त्यांचे भाऊ आणि गावातले जाणते पुंजाजी हजर असत. इंद्रभानही असे, पण तो बैठकीचा विषय असल्यामुळे त्याचे मत घेणे नियमाला धरून झाले नसते. कारभारींनी पहिल्याच बैठकीत जो मुद्दा मांडला, तो पुढे कोणालाही खोडता आला नाही.

"हे पाहा भाऊ, घरी बसला हाये तोवर तो इंजिनेर हाये. जिनात गेला का फिटर झाला. मंग काम करून कमी कायले व्हाचं?"

"बरोबर हाये," पुंजाजी म्हणाले. "बसल्यानं पत राह्यते."

"अन् लोकं काय म्हणतीन?" पंजाबराव म्हणाले. "पाटलाचं पोरगं तेलकट हातानं भाकर खाऊन राह्यलं?"

दाराआडून तानुबाई म्हणाली, "पोराले त विचारा एकडाव!" आतून आवाज आला एवढी नोंद घेण्यात आली, आणि सहाही बैठकींत ठराव झाला की जून येऊ द्यावा, जूनमध्ये पुन्हा कॉलेजात पाठवून पाहावे. असेच चालते तर जून आणखी दोनदा येऊन गेला असता. पण नारायणरावांनी निरोप धाडला की सोमवारपर्यंत माणूस आला नाही तर मलकापूरचा एक फिटर तयार आहे, त्याला ठेवतो. म्हणून शनिवारी दुपारी सातवी बैठक भरली. लग्नाची तारीख काढायला वकील भगवंतरावही त्याच दिवशी आले होते. जेवणे झाली. मी तानुबाईबरोबर दाराआड बसले होते.

वकिलांनी पान लावले. ते वर्तमानपत्रे वाचतात, व्याख्याने देतात आणि जेवणानंतर ते विशेष मोकळे बोलतात.

"पाटील, खरं सांगू? आपला देश मागे का राहिला? तर हाताने काम करायची आपल्याला लाज वाटते. विलायतेत लॉर्डाची मुलं हातोडा धरतात. हातोडा! आपल्याकडे चार बुकं शिकला की त्याला खुर्ची पाहिजे. मी परवाच वाचनालयात बोललो, की काम कोणतंही हलकं नसतं, हलकं असतं ते आपलं मन. टाळ्या पडल्या!"

"हाव, बरोबर," पुंजाजी म्हणाले.

"सोळा आणे," कारभारी म्हणाले.

"सत्य हाये, वकीलसाहेब," पंजाबराव म्हणाले, आणि त्यांनी सुपारी कातरून पुढे केली.

इथे मी वाचकांनाही थोडी तसदी देते. वकिलांचे म्हणणे ज्यांना पटले त्यांनी हात वर करावेत. (सर्वांचे दिसतात. आभारी आहे.) आता ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी, बहीण किंवा भाची आहे, त्यांनी तेवढे हात वरच ठेवावेत आणि पुढचे वाक्य ऐकावे. कारण याच वेळी इंद्रभान गादीवरून उठला. टोपी नीट केली. सात बैठकींत त्याने उच्चारलेले हे पहिलेच वाक्य, आणि ते त्याने वडिलांकडे न पाहता, वकिलांकडे पाहून, चांगल्या खणखणीत आवाजात उच्चारले:

"वकीलसाहेब, मी कॉलेजात वापस जात नाही. सोमवारपासून चिखलीच्या जिनात फिटर म्हणून कामाले जाऊन राह्यलो. मंग सोयरीक पक्की समजू ना?"