सरांच्या गळ्यातलं आयोडीन

सकाळी सात वाजता सरांनी पलंगावर बसून गळ्याला किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर लावला आणि मिनिटभर टिकटिक मोजली. नव्वद. काल नव्वद, परवा नव्वद, गेला महिनाभर नव्वदच. शेजारच्या खोलीत तीन महिन्यांची नात रडत होती. सरांनी तिला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं, आणि अकराच्या टॅक्सीने ती आईबरोबर आपल्या घरी जाणार होती.

तीन महिन्यांपूर्वी सरांच्या थायरॉइडने डोकं वर काढलं, तेव्हा डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली आणि तान्ह्या बाळापासून तीन आठवडे लांब राहायला बजावलं. नात जन्मली ती नेमकी दोन दिवसांनी. दुसरा कोणी चडफडला असता. सर मात्र हरखून गेले. पस्तीस वर्षं जे नुसतं फळ्यावर काढलं, ते आता त्यांच्याच गळ्यात घडत होतं!

"अगं, आयोडीनच्या अणुकेंद्रात त्रेपन्न प्रोटॉन," ते बायकोला सांगत सुटले. "तिथला एक न्यूट्रॉन आपणहून प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर भिरकावतो, की झाले चोपन्न! आयोडीन गायब, झेनॉन हजर! कुणी तापवलं नाही, ढकललं नाही. कुठला अणू कधी बदलेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण आठ दिवसांत निम्मे बदलणार म्हणजे बदलणारच!"

"म्हणजे तुमच्या गळ्यात आता गॅस?"

"इवलासा. फार सभ्य वायू आहे. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

"मग शिका त्याच्याकडून काहीतरी."

तीन आठवडे संपले, डॉक्टरांनी मोकळीक दिली. पण सर ऐकतात कसले! शाळेच्या प्रयोगशाळेतून त्यांनी जुना काउंटर मागून आणला. "हा शांत झाल्याशिवाय मी बाळाला हात लावणार नाही." रोज तीच वेळ, तोच पलंग, तीच उशी. भिंतीवरचा आलेख झोकात उतरत गेला आणि नव्वदवर येऊन जो रुसला, तो रुसलाच. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या विश्वाला लागू असलेला नियम त्यांच्याच गळ्यात अडला होता.

साडेदहाला मुलगी बॅग घेऊन दारात आली. मागे बाळाला घेऊन सरांची बायको.

"बाबा, आता तरी घ्या हो तिला."

"नव्वद आहे गं," सरांनी काउंटर पुढे केला.

मुलीने काउंटरकडे पाहिलं. "तुम्ही खोलीत नसताना किती येतं?"

सरांनी काउंटर पलंगावर ठेवला. आधी रिकाम्या भांड्याचं वजन, मग पदार्थाचं, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात पस्तीस वर्षं घोकून भरलं होतं. दहावीच्या प्रात्यक्षिकात नेमकं हेच विसरली म्हणून पोटच्या पोरीला त्यांनी भोपळा दिला होता, आणि ती आठ दिवस बोलली नव्हती.

ते मुकाट्याने उठून अंगणात गेले. मिनिटभराने आतून हाक आली, "बाबा, अठ्ठ्याऐंशी! तुमच्याशिवाय!"

सर धावत आत आले. मुलगी काउंटर खोलीभर फिरवत होती. खिडकीपाशी तो मंदावला, उशापाशी मात्र पिसाळल्यासारखा वाजायला लागला. तिथे सासऱ्यांनी लग्नात दिलेलं टेबलावरचं घड्याळ होतं. एके काळी त्याचे आकडे अंधारात चमकायचे.

"रेडियम!" सर पुटपुटले. "रंग थकला, चमक विझून वीस वर्षं झाली, आणि आत हे चालूच! निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात याला." त्यांचे हात नकळत जोडले गेले.

"माझ्या वडिलांची वस्तू आहे," बायको म्हणाली. "कधी बंद पडायची नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

सरांनी अंगणात जाऊन काउंटर पुन्हा गळ्याला लावला. वीस. जमिनीतून, आकाशातून येते, सगळीकडे असते, तेवढीच टिकटिक. त्यांच्या गळ्यातलं आयोडीन केव्हाच आपलं काम आटपून, झेनॉन होऊन निघून गेलं होतं.

बायकोने बाळ त्यांच्या हातात दिलं. नातीने त्यांचं बोट घट्ट धरलं.

"बाबा, प्रात्यक्षिकाचे गुण किती?" मुलीने विचारलं.

"मला भोपळा," सर डोळे पुसत म्हणाले.

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. मुलगी बाळाला घ्यायला पुढे झाली, तेवढ्यात सर नातीला घेऊन, अनवाणीच, टॅक्सीत जाऊन बसले.