बैलाची पारख आणि अकरावीचा फॉर्म

बैल निवडावा तर उत्तमरावानं! धामणगाव बढ्यापासून खामगावच्या गुरांच्या बाजारापर्यंत कोणालाही विचारा. चाल पाहायची, दात पाहायचे आणि एक दिवस जुंपून पाहायचं. चाळीस वर्षांत माझा एकही बैल औतात बसला नाही. मग नातीसाठी धंदा निवडणं म्हणजे काय मोठं काम!

नात पुष्पांजली दहावी पास झाली. अकरावीचा फॉर्म शनिवारी पाचच्या आत द्यायचा होता. चुकला की वर्ष गेलं! घरात दोन पक्ष पडले. मुलगा गोविंदा म्हणे, "कॉमर्स! पोट्टी बँकेत पंख्याखाली बसली पाहिजे." मी म्हणे, "सायन्स! डॉक्टर करू."

"मले विचारा ना कोणी," पुष्पांजली म्हणाली.

"तू मधात बोलू नको!" आम्ही दोघंही ओरडलो. "तुह्याचसाठी तर भांडून राह्यलो!"

शेवटी मी ठरवलं, जुंपूनच पाहू. शुक्रवारी तिला भालचंद्र डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. "हिले एक दिवस जुंपून पाहा," म्हटलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी तिला आत बसवलं, मला बाहेर बाकावर.

शेजारी कचरू गाल धरून कण्हत होता. माझे हात रिकामे! सवयीनं त्याचा ओठ वर केला.

"वय किती सांगतं बे?"

"पन्नास."

"खोटं! हे दात साठीचे हायेत. तुले पन्नासचा म्हणून कोणी विकलं, तर घेणारा फसला!"

बाकावरची मंडळी खूश! पाच मिनिटांत माझ्यापुढे रांग लागली, सगळे आ वासून. एका म्हातारीनं तर कवळी काढून हातात दिली. मी फिरवून पाहिली आणि म्हटलं, "ही तर दोन वर्षांची कालवड हाये!"

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "उत्तमराव, जुंपायले कोणाले आणलं होतं?" आणि दोघांनाही घरी धाडलं.

"आबाजी," पुष्पांजली वाटेत म्हणाली, "आत काहीच दिसलं नाही. डॉक्टर तुमचंच ऐकत होते."

शनिवारी मी काही डाव करू नये म्हणून गोविंदा आमच्यासोबत कॉलेजात आला. खिडकीशी अगदी मला चिकटून उभा! आता आतल्या वामनराव क्लार्कना सायन्स सांगायचं कसं? पण आमच्या बाजारात भाव तोंडानं होतच नाही. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबायची, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. मी वामनरावांच्या हातावर खांद्यावरचा रुमाल टाकला आणि त्यांचं एक बोट गच्च दाबलं. एक म्हणजे सायन्स. वरून डोळाही मारला!

"अहो, हे काय करून राह्यले?" वामनरावांनी हात ओढला. बाजारात हात ओढणं म्हणजे सौदा अजून जमला नाही. मी आणखी दाबलं. ते किंचाळले! ओढाताणीत फॉर्म फाटला. रांगेत बातमी फिरली, म्हाताऱ्यानं क्लार्कचं बोट मोडलं. गेटपर्यंत जाता जाता ते तुटून पडलं! आणि गेटसमोरच्या दवाखान्यातून पट्टी घेऊन धावत कोण यावं? भालचंद्र डॉक्टर.

"पुन्हा तुम्हीच!"

गलका ऐकून प्राचार्या पद्मजा मॅडम आल्या. पाचला दहा मिनिटं होती. पुष्पांजली पुढे झाली, रुमाल घेतला, मॅडमच्याच हातावर टाकला आणि बोटांची सगळी भाषा समजावली. मॅडम हसल्या.

"आणि तुला काय व्हायचंय गं?"

आम्हा दोघांचं हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"गुरांची डॉक्टर," ती म्हणाली. "दात पाहाणं आबाजींनी शिकवलं. पण बैल लंगडला का आबाजी त्याले विकून टाकतात. मले त्याले चालता करायचा हाये."

गोविंदानं माझ्याकडे पाहिलं, मी रुमालाकडे. मग तो वामनरावांना म्हणाला, "द्या साहेब, सायन्सचा नवा फॉर्म."

तिनं शाखा लिहिली, तोच मी पेन ओढलं. "आधी माही सही होऊ दे. मले वेळ लागते."

"अंगठा लावा, लवकर होईल," पट्टीवाले वामनराव म्हणाले.

अंगठा! साठीनंतर अक्षरं गिरवली ती अंगठा लावायला? मी पहिल्याच मोकळ्या चौकटीत सुरू केलं. 'उ' झाला. 'त्त' नेहमीच त्रास देतो. गोविंदा घड्याळ पाही, डॉक्टर देवाचं नाव घेत. 'व' संपला तेव्हा एक मिनिट उरलं होतं. वामनरावांनी फॉर्म हिसकून शिक्का हाणला. टाळ्या!

सोमवारी यादी लागली. सायन्स, सतरा नंबर: उत्तमराव.

ती चौकट विद्यार्थ्याच्या नावाची होती!

मॅडम म्हणाल्या, दुरुस्ती गुरुवारी होईल, पण तोवर सतरा नंबरची हजेरी लागली पाहिजे, नाहीतर जागा जाईल. म्हणून सध्या मी शेवटच्या बाकावर बसतो. शेजारी पुष्पांजली बसते आणि नाव पुकारलं की मला चिमटा काढते.

उद्या सर झुरळ शिकवणार आहेत. तयारी म्हणून मी घरी एक धरून पाहिलं. अर्धा तास झाला, त्याचे दातच सापडत नाहीत. आता वय काय सांगू, कपाळ?