वाटीतली वेणी

रविवारच्या सकाळी पिठानं माखलेला हात परातीतून वर काढून सत्यभामानं घराला बजावलं, "आजपासून माझ्यासमोर कुणी आमटीचं नाव काढायचं नाय. मी आता ओव्या रचणारी बाई हाये."

बद्रीनाथ पेपराच्या आडून म्हणाला, "बरं. मग दुपारी काय, पिठलं?"

अशा घरात ओवी रुजायची म्हणजे सिमेंटच्या गच्चीवर मोगरा लावण्यासारखंच होतं. पण सत्यभामाचा निश्चय पक्का होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. मागच्या उन्हाळ्यात सोयगावला एका लग्नात ती नवी साडी नेसून, गजरा माळून गेली. मांडवात पाऊल टाकते न टाकते तोच एका काकूंनी वरपक्षाला तिची ओळख करून दिली, "ही आमच्या बद्रीची आमटी." बायको म्हणायचंही काकूंना सुचलं नाही. तिथून जी ती चुलाणापाशी गेली, ती पंगती उठेपर्यंत तिथंच. गजऱ्याला फोडणीचा वास लागला तो लागलाच.

सत्यभामाची येसर आमटी होतीच तशी. धान्यं, डाळी, मसाले खमंग भाजून दळलेला येसर, वर लसणाची फोडणी. कढ आला की गारखेड्यातली सगळी बिल्डिंग खिडक्या उघडायची. लेकरं "अजून वाढ" म्हणायची तेव्हा तिला गोडही वाटायचं. इतकी वर्षं तिनं स्वतःला वाट्यावाट्यांनी वाढलं होतं आणि त्याचं दुःख तिला नव्हतं. फक्त अलीकडं भाजी निवडताना मनात यायचं, उद्या आपण गेलो तर लोक काय म्हणतील? आमटी गेली म्हणतील.

आणि तिच्याजवळ दुसरंही काही होतं. माहेरी, देवगाव रंगारीला, आईसोबत जात्यावर बसून शिकलेल्या ओव्या होत्या. आईचा दंडक असा, की एकीनं ओवी उचलली आणि तिचा दम सरला, तर समोरचीनं ती पुरी करायची. अर्धी ओवी जात्यावर सोडायची नाही. पुढं वहिनी घरात आली, वच्छला, आणि सत्यभामाच्या लग्नाचा येसर दळायला नणंद-भावजय समोरासमोर बसल्या. ही सुरू करायची, ती पुरी करायची. दळण संपलं तरी खुंटा सोडवेना.

शहरात जातं नव्हतं, पण ओव्या येत होत्या. अशात करुणाताईंच्या महिला मंडळानं टीव्ही सेंटरजवळच्या सभागृहात बायकांनी स्वतः रचलेल्या ओव्यांचा कार्यक्रम ठेवला आणि सत्यभामानं नाव देऊन टाकलं. टेबलाशी पेन घेऊन बसली, तर ओवी रुसून बसायची. पीठ मळायला घेतलं की तीच ओवी पदराला धरून मागं मागं यायची. म्हणून सत्यभामा भाकरी थापता थापता रचायची आणि मुलगी प्रेरणा मोबाइलवर व्हिडिओ काढून टिपून घ्यायची.

लेक माझी प्रेरणा, पुस्तकांचा तिला भार
डब्यात भाकर कमी, माया घाली मी फार

"मम्मी, भाकर कमी का पण?" प्रेरणा म्हणाली.

"यमकासाठी. दोन नेतीस रोज, गप."

लेकीवरची झाली, आईवरची झाली. पण आईच्या ओव्यांत असायचा तो ठसका कुठं आलाच नव्हता. सत्यभामानं भाकरी उलटली आणि तिला आठवलं. जात्यावरच्या ओवीत भाऊ नेहमी राजा असतो आणि भावजय नेहमी चिक्कू. ती रीतच आहे. भाऊ साडी आणतो, भावजय फडताळाला कुलूप लावते. भावजयीचा हात सढळ असला तर ओवी पुढं सरकायची कशी? तिच्या तोंडून आपसूक निघालं:

भावजयीनं वाढली, आमटी पाण्यावाणी
वाटीत वाकून मी, घातली माझी वेणी

प्रेरणा इतकी हसली की मोबाइल पिठात पडता पडता राहिला. सत्यभामाही हसली. तव्यावरची भाकरी त्या आनंदात करपली आणि बद्रीनाथनं ती कौतुकानं खाल्ली.

त्याच दुपारी प्रेरणानं आईला न विचारता भाकरी थापणाऱ्या आईचा तो व्हिडिओ जगासमोर मांडला. दोन दिवसांत तो इतका फिरला की वाळूजच्या कंपनीत जेवायच्या सुट्टीत बद्रीनाथचा डबा उघडला की चौघं वाकून बघायचे, वेणी घालता येते का. सत्यभामाची पावलं जमिनीवर ठरेनात. भाजीवाल्यानं "ओवीवाल्या ताई" म्हणून कोथिंबिरीची जुडी जास्त दिली. आमटीनं तिला आजवर कोथिंबीर मिळवून दिली नव्हती, कोथिंबीर संपवलीच होती.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला.

"सत्यभामे," कडुबाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, "तू माझ्या घरून कधी उपाशी गेलीस का गं?"

"काय झालं दादा?"

"काय झालं काय? वच्छी गिरणीत गेली तर बाया गायला लागल्या. काल कन्नडच्या बाजारात भांडेवाला तिला म्हणला, वहिनी, आरसा देऊ का घरी वाटी हाये? तवापासून ती माझ्याशी बोलंना. मला वाढती आन् नुसती बघती."

"अरे दादा, ती रीत हाये. ओवीतली भावजय अशीच असती. ती काय आपली वहिनी नाय."

"सत्यभामे, तुला भाऊ किती?"

"एक."

"मला बायका किती?"

"एक."

"मग ती दुसरी कोण म्हणायची?"

याहून मोठी अडचण तर सत्यभामानं भावाला सांगितलीच नाही. जिच्या नावानं ती ओळखली जायची त्या आमटीतला येसर वच्छलावहिनीच्या हातचा होता. दरसाल दिवाळीनंतर देवगाव रंगारीच्या बसनं फडक्यात बांधलेला डबा यायचा. शहरात आजवर तो कुणाला जमला नव्हता, सत्यभामाला तर नाहीच. जिचा येसर वर्षभर खाल्ला, तिचीच आमटी तिनं गावोगाव पातळ करून ठेवली होती. येसर जाईल याचं तिला तितकं वाटेना. वहिनी समोर बसायची, खुंटा धरायची, तो हात जाईल याची धास्ती होती. आई गेल्यापासून माहेर म्हणजे वच्छलाच.

तिनं करुणाताईंना फोन केला. "ताई, ती वेणीची ओवी मी गाळते."

"गाळता? अहो, फलकावर तेच नाव रंगवलंय. वाटीतली वेणी. ती काढली तर फलकावर नुसती मंडळाचीच नावं उरतील."

मग सत्यभामानं दुसरा उपाय काढला. भावजय बदलायची. दुपारी पीठ मळताना तिनं लावून बघितलं, "सासूबाईनं वाढली, आमटी पाण्यावाणी..."

आतून बद्रीनाथ पळत आला. "माझ्या आईनं?"

"ओवीतली सासू हो."

"तिच्या आमटीत मी लहानपणी पाय घसरून पडलो असतो तरी बुडलो नसतो, इतकी घट्ट असायची. खबरदार."

सासू गेली. शेजारीण घेतली. "शेजारणीनं वाढली" म्हणायला आणि पलीकडच्या चंपाबाईंची खिडकी धाडकन लागायला एकच गाठ पडली. सकाळीच त्यांनी वाटीभर कढी पाठवली होती. संध्याकाळी वाटी मागायला आल्या, ती दारातूनच, आणि वाटीत आधी वाकून बघितलं.

"नवऱ्यानं वाढली म्हण," बद्रीनाथ मोठ्या मनानं म्हणाला. "माझी हरकत नाय."

प्रेरणानं मान हलवली. "पप्पा, तुम्ही वाढता कधी? लोकांना खोटं वाटेल."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. दारात कडुबा, हातात साडीची पिशवी, तोंडावर लग्नात चप्पल हरवल्यासारखा भाव. त्याच्यामागं वच्छला, कमरेवर मोठा स्टीलचा डबा.

"ये वहिनी," सत्यभामा म्हणाली.

वच्छला सरळ स्वयंपाकघरात गेली, पदर खोचला, कढई ठेवली. लसूण तडतडला, येसर कालवला गेला, कढ आला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. चंपाबाईंचीही उघडली. कडुबा बद्रीनाथच्या कानाशी लागून म्हणाला, "दाजी, सकाळी पाचपासून हिनं एक शब्द काढला नाय. कंडक्टरला तिकीटसुद्धा खुणेनं मागितलं."

मग वच्छलानं एका वाटीत आमटी ओतली, त्यात चमचा उभा केला. चमचा उभाच राहिला. वाटी नणंदेसमोर धरली.

"बघा वन्सं."

सत्यभामानं वाकून बघितलं.

"दिसते का वेणी?"

"नाय."

"भांग?"

"नाय वहिनी."

"कुंकू तरी?"

"काहीच नाय दिसत. वहिनी, मी..."

"आता बोलू नका. संध्याकाळी काय बोलायचं ते माईकवर बोला. मी पुढं बसणार हाये." आणि उरलेली आमटी डब्यात भरून तिनं झाकण दाबलं. "हे संगं नेणार. लोकांना बी दिसू द्या."

सभागृह भरलं होतं. फलकावर एक वाटी रंगवलेली, तिच्यात एक वेणी. पहिल्या रांगेत वच्छला, मांडीवर डबा, दोन्ही हात झाकणावर. एका बाजूला कडुबा, दुसऱ्या बाजूला बद्रीनाथ. दोघंही वरातीतल्या दागिन्यांच्या पेटीशी बसवलेल्या माणसांसारखे.

सत्यभामाचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावाच्या, आडनावाच्या थाटासकट. याच क्षणासाठी तिनं आमटीशी वैर घेतलं होतं. ती माईकपुढं गेली आणि तिच्या लक्षात आलं की हात रिकामे आहेत. पीठ नाही, परात नाही. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून तिनं पदराचं टोक मळायला घेतलं. आईवरची ओवी झाली. लेकीवरची झाली, प्रेरणानं शिट्टी वाजवली. मग मागून बायका ओरडल्या, "वेणी, वेणी."

सत्यभामानं पदर घट्ट धरला.

"भावजयीनं वाढली..."

आणि समोर तिला वच्छला दिसली. नाकातली मोरणी तीच, लग्नाचा येसर दळताना जात्यापलीकडं हलायची ती. पुढचा शब्द येईना. पाण्यावाणी म्हणायला जीभ वळेना. करुणाताई विंगेतून हातवारे करायला लागल्या. ओवी अर्धी लटकली होती.

वच्छलाची पहिल्यांदा भुवई हलली. मग ओठ. अर्धी ओवी तिला सोसवेना. सासूनं लावलेलं वळण रागापेक्षा जुनं होतं. ती डबा घेऊन उभी राहिली आणि माईकवाचून मोकळ्या गळ्यानं तिनं ओवी उचलली:

"आमटी पाण्यावाणी,
वाटीत वाकून मी, घातली माझी वेणी..."

पुरी झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण आपलीच बदनामी साऱ्या सभेपुढं सुरात पुरी केली. लोक हसून हसून खुर्च्यांवर मागं रेलले. कडुबानं डोळे मिटून घेतले. पण वच्छला आता बसायच्या बेतात नव्हती. तिनं डबा कडुबाच्या मांडीत दिला, पदर सावरला आणि नवी उचलली:

"नणंद आली घरा, बसली पाटावरी
पातेलं केलं रितं, म्हणे आमटी नाही बरी..."

टाळ्यांनी छप्पर हललं. सत्यभामा मंचावरून हसत होती आणि डोळे पुसत होती. तिचे हात आपसूक गोल फिरायला लागले होते, मधे जातं असल्यासारखे. समोरून वच्छलाचेही. मग वच्छलाचा आवाज जरा खाली आला:

"घाल बाई वेणी, आरसा माझी वाटी..."

इथं ती थांबली. दम सरला म्हणून नाही. मुद्दाम थांबली आणि हनुवटीनं खूण केली. घ्या, वन्सं. सत्यभामानं घेतली:

"माहेर उभं आहे, वहिनी माझ्या पाठी..."

कार्यक्रम संपला तेव्हा डबा उघडला. कागदी द्रोण आले, चमचे उभे राहिले. गर्दीतून एकीनं विचारलेलं सत्यभामानं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"ही आमटी कुणाची हो?"

"त्या ओवीवाल्या सत्यभामाताई नाहीत का, त्यांच्या वहिनीची."

सत्यभामानं जन्मभर या वाक्याची वाट बघितली होती. आज आमटी तिच्या ओवीचं बोट धरून लोकांत हिंडत होती. तिनं गर्वानं मान वर केली, बद्रीनाथनं ती मान बघितली का, तेही बघितलं. त्यानं बघितली होती. तो तिसऱ्या द्रोणावर होता, तरी त्यानं बघितली होती.

तेवढ्यात करुणाताई लगबगीनं आल्या, वच्छलाचे दोन्ही हात हातात घेतले. "वच्छलाबाई, पुढच्या वर्षी प्रमुख पाहुण्या तुम्ही. नाही म्हणायचं नाही. असा गळा मी ऐकला नाही."

वच्छला लाजून कडुबाच्या मागं गेली. करुणाताई मग सत्यभामाकडं वळल्या, तिच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"आणि सत्यभामाताई, तुम्हीही यायचं हं. तेव्हा आमटीचं तुम्ही बघाल ना?"

बद्रीनाथचा घास घशात अडकला. प्रेरणानं आईकडं बघितलं. सत्यभामानं एकदा फलकावरच्या वाटीकडं बघितलं, एकदा वहिनीकडं.

"बघते की," ती म्हणाली. "पण पातळ करीन, आत्ताच सांगून ठेवते. प्रमुख पाहुण्यांना वेणी घालायला कुठं तरी बघावं लागंल."